दौलतचे लावे

रविवार, १२ फेब्रुवारी १९५६

आज पिंजरा उचलला आणि चाळीमागच्या उकिरड्यावर ठेवून आलो. हात धुऊन चहाला बसतोय तोवर माझी बायको मालन पिंजरा घेऊन दारात. खिडकीखाली होता तिथे परत ठेवला, पदराने त्याची धूळ पुसली आणि पोळ्या लाटायला बसली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मला भांडायचं होतं.

पिंजऱ्यात दोन लावे आहेत. माझा धाकटा भाऊ दौलत दिवाळीत क्रॉफर्ड मार्केटातून घेऊन आला होता. एकेक मुठीत मावेल एवढा. पोपटासारखे बोलत नाहीत, मैनेसारखी शीळ घालत नाहीत. दिवसभर वाळूत पाय ओढत फिरायचं आणि दाणे उधळायचे. दौलतला त्यांचं केवढं कौतुक! मिलमधून आला की आधी पिंजरा, मग हातपाय.

गेल्या महिन्यात शहरात गोळीबार चालू होता. मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, कुणी बाहेर पडायचं नाही. दौलत चपला घालत म्हणाला, "दादा, लाव्यांना जरा वाळवी घेऊन येतो. पोळ्या होईपर्यंत आलोच." मी पेपर वाचत होतो. म्हटलं, लांब जाऊ नकोस. लालबागच्या नाक्यावर त्याला गोळी लागली. तेविसावं चालू होतं.

दोन पाखरांच्या किड्यांपायी! मग त्यांना उकिरड्यावर नको ठेवू तर देव्हाऱ्यात ठेवू?

मंगळवार, १४ फेब्रुवारी

मालनने आज जाहीर केलं की लाव्यांचं तिच्याने होणार नाही. चळवळीच्या समितीतल्या बायकांची सभा असते, तिथे जायचं असतं. "उकिरड्यावर टाकायला तुम्हाला वेळ मिळाला ना? मग दाणे टाकायलाही मिळेल."

हिला आता सभा! वर्षापूर्वी ही बाई खालच्या मजल्यावरच्या हळदीकुंकवालासुद्धा मला विचारून जायची.

ताटातला भात टाकला. खाल्ला नाही. भाकरीचा तुकडा टाकला, त्यावर चालून गेले. शेवटी नाचणी टाकली तेव्हा दोघं तुटून पडले. बसायला म्हणून एक काठी आडवी बांधून दिली, तर काठीकडे ढुंकून बघत नाहीत. वाकून पाहिलं तेव्हा कळलं, यांना मागचं बोटच नाही. पुढे तीन बोटं, बस्स. काठी धरणार कशाने? दौलतने काठी का लावली नव्हती ते समजलं. आधी कुणी सांगितलं असतं तर माझी अर्धी संध्याकाळ वाचली असती.

रविवार, १९ फेब्रुवारी

पिंजऱ्याच्या डोक्यावर लाकडाऐवजी गोणपाट ताणलेलं. फाटकं, मळकं. घरात येणारा माणूस काय म्हणेल? सकाळी एक चांगली फळी कापून वर ठोकली. कामाचं समाधान वाटलं.

दुपारी मालनच्या हातून तांब्या पडला. त्या आवाजाने मोठा लावा सरळ वर उडाला, बंदुकीतून सुटल्यासारखा, आणि फळीवर डोकं आपटून खाली पडला. पाय वर. मी त्याला बाहेर काढून तळहातावर घेतला. मान लोंबत होती. मला इतका संताप आला, की भिंतीवर फेकून द्यावासा वाटला. म्हटलं, मर! तूही मर! पण बोटांखाली त्याची छाती धडधडत होती, शिवणयंत्रासारखी. मी तसाच बसून राहिलो. चहा गार झाला. मग त्याने एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि अंगठ्याला चोच मारली.

मालन म्हणाली, "गोणपाट त्याने हौस म्हणून लावलं नव्हतं."

"मग आधी तोंड उघडायचं होतं!"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

फळी काढली. खिळे उपसताना नख फुटलं. गोणपाट परत लावलं, दुहेरी.

गुरुवार, १ मार्च

आज जे झालं त्यानंतर या घरात मी कुणाची माफी मागणार नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा फळा आहे. एरवी त्यावर भजनाची वेळ नाहीतर हरवलेल्या मुलाची खबर असते. आता गोळीबारात गेलेल्या इथल्या माणसांची नावं लिहिली आहेत. वर 'हुतात्मे'. मिलमधून येताना पाहिलं, तर शेवटचं नाव दौलतचं.

बुधाजी तिथेच उभा होता. शेजारच्या चाळीत राहतो, आमच्याच मिलमध्ये स्पिनिंगला आहे, समितीचं काम करतो. माझा जुना स्नेही. मी विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"मी. वहिनींनी सांगितलं."

"तो हुतात्मा नाही. तो किडे आणायला गेला होता."

"दत्ताराम, मुलगा गोळीने गेलाय. नाव असू दे."

मी हाताने नाव पुसलं. सगळ्या गल्लीसमोर. बुधाजीने मला अडवलं नाही. अडवलं असतं तर हात उगारला असता मी.

मी खोटं काय बोललो? पोलिसांत जबाब मीच दिला आहे की माझा भाऊ कुठल्याही चळवळीत नव्हता, पाळलेल्या पाखरांसाठी वाळवी आणायला बाहेर पडला होता. मिलमध्ये मी हजेऱ्या मांडतो त्या टाइम ऑफिसात साहेबाने बोलावून विचारलं, त्यालाही तेच सांगितलं. साहेब म्हणाला, वाईट झालं, पण तुमच्या घराला डाग नाही. गावी आईलाही तसंच कळवलं. आता फळ्यावर हुतात्मा लिहिलं तर मी सगळीकडे खोटा पडणार. हे मालनला समजत नाही का?

घरी आल्यावर तिला सांगितलं, नाव पुसलं. ती फक्त म्हणाली, "जेवून घ्या."

रविवार, ११ मार्च

मोठ्या लाव्याचं नाव मी मनात पहिलवान ठेवलं होतं. गळ्याखाली काळा पट्टा, छाती काढून चालणार. हल्ली तो घुमायला लागला होता. चोच मिटलेली, गळा फुगलेला आणि आतून हूं हूं हूं, लांबून मोटारसायकल यावी तसा आवाज. खालची सुंदराबाई दोनदा वर येऊन विचारून गेली की तुमच्याकडे मशीन बसवलंय का.

परवा बघतो तर गवताच्या खळग्यात अंडी. करड्या रंगाची, ठिपकेवाली. म्हटलं चला, बारकी मादी आहे तर. पण आज घोळ उलगडला. अंडी घालताना मी डोळ्यांनी पाहिलं, ती पहिलवानाने घातली. पहिलवान बाई आहे! आणि घालून झाल्यावर ती उठून गेली, अंग झटकलं, परत घुमायला लागली. अंड्यांवर बसलाय तो बारका. तोच नर. खाणंपिणंसुद्धा घाईघाईने उरकतो आणि पुन्हा येऊन बसतो.

मला त्या बाईची चीड आली. तिला उचलून दुसऱ्या खोक्यात घातली. तिथेही घुमतेच आहे.

मालन आज सकाळपासून मोर्चाला. भात मी लावला. करपला. सुंदराबाई अंड्यांवरच्या बारक्याकडे बघत दारातून म्हणाली, "दत्तारामभावजी, दोघं बाप्ये अगदी शोभताय हां घरात." मी दार लावून घेतलं.

रविवार, १८ मार्च

काल मालनला पकडलं. बुधाजीने येऊन सांगितलं, बायकांच्या मोर्चावर लाठ्या चालल्या, काहींना गाडीत घालून नेलं. मी तसाच निघालो. वाटेत तिला काय काय बोलायचं ते जुळवत होतो. तुला कोण सांगतं नाचायला? घरातला एक गेला तो पुरे नाही झाला?

चौकीतला अधिकारी मला ओळखत होता. माझा जबाब त्यानेच घेतला होता. खुर्ची दिली. म्हणाला, "तुम्ही समजूतदार माणूस. त्या वेळेलाही डोकं ठिकाणावर ठेवलंत. नाहीतर लोक बघा, पोरगं उनाडक्या करत फिरतं, मग मेलं की हुतात्मा. बायकोला जरा घरात ठेवा."

मी हो म्हणालो. मानही हलवली असेन.

मालनला बाहेर आणलं. मनगट सुजलेलं, काकणं फुटलेली. तिने त्याचं बोलणं ऐकलं होतं. ट्रामच्या थांब्यापर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालत होती आणि जुळवलेल्यातला एक शब्द मला आठवेना.

मला समजूतदार म्हणाला. आयुष्यात कुणी आईवरून शिवी दिली असती तर एवढी लागली नसती. का लागली ते मात्र सांगता येत नाही. माणूस चांगलंच बोलत होता.

रविवार, २५ मार्च

पिल्लं निघाली. भुंग्याएवढी. अंड्यातून निघून अंग वाळलं की पळायलाच लागतात. पिंजऱ्याच्या गजांतून दोन बाहेर आली, एक माझ्या चपलेत सापडलं. पुठ्ठे कापून चारी बाजूंनी लावले. बारका त्यांना पोटाखाली घेतो, मग सगळ्या बाजूंनी पाय तेवढे दिसतात.

नाचणी त्यांच्या चोचीत मावत नाही. कुटून घातली, खात नाहीत. मालन हळद लावलेलं मनगट सांभाळत म्हणाली, "पिल्लांना जिवंत लागतं. वाळवी आणा. दौलत म्हणायचा तसं."

"कुठून आणायचा तो?"

"वडाळ्याहून. रेल्वेच्या यार्डामागे रुळांचे सडके लाकडी स्लीपर पडलेत त्यातून. नेहमी तिथूनच."

डबा आणि खुरपं घेऊन गेलो. उन्हाने डोकं तापलं. मिठागरांचा वास. एका स्लीपरला खुरपं लावलं तर आत सगळं पांढरं वळवळतंय. डबा भरला. परत येताना काळाचौकीच्या वळणावर आलो आणि पाय थांबले.

आमच्या घरापासून वडाळा या अंगाला. लालबाग त्या अंगाला.

दौलत वाळवीला निघाला होता तर लालबागच्या नाक्यावर काय करत होता?

रस्त्यातच उभा राहिलो. एक हातगाडीवाला शिव्या देऊन गेला. मनाशी म्हटलं, वाट चुकला असेल. मुंबईत वाढलेला मुलगा, वाट चुकला! मित्राला बोलवायला गेला असेल. मग आठवलं, त्या दिवशी हा डबा घरातच, मोरीवरच्या फळीवर पालथा होता. त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा मी त्याच डब्याने पाणी घेऊन तोंडावर मारलं होतं.

वाळवी पिंजऱ्यात ओतली. बारक्याने एकेक उचलून पिल्लांपुढे चोच धरली, पिल्लं त्याच्या चोचीतूनच खात होती. मी बघत नव्हतो. समोर होतं म्हणून दिसलं.

सोमवार, २६ मार्च

सकाळी मालनला सरळ विचारलं. "तुला माहीत होतं?"

ती तांदूळ निवडत होती. थांबली नाही. "हो."

"पहिल्यापासून?"

"संक्रांतीच्या आधीपासून जायचा तो सभांना. त्या दिवशी पुढे झेंडा घेऊन होता. बुधाजीभावजी बाजूला होते त्याच्या."

"आणि मला तुम्ही सगळ्यांनी वेडा बनवलंत! माझा सख्खा भाऊ माझ्या तोंडावर खोटं बोलून गेला! वाळवी म्हणे!"

"खरं सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंत?"

"तंगडी तोडली असती!"

"मग?"

सूप भिरकावलं मी. तांदूळ सगळ्या खोलीत. पिंजऱ्यातला बारका गोणपाटावर जाऊन आदळला. मी ओरडत होतो की मी मोठा भाऊ आहे, बापाच्या जागी आहे, गावाहून त्याला मी आणला, मिलमध्ये मी चिकटवला, मला सांगायला काय झालं होतं? मालनने मला ओरडू दिलं. मग म्हणाली, "तो तुम्हाला घाबरत नव्हता. तुम्ही घाबरता हे त्याला बघवत नव्हतं."

तिच्या थोबाडीत मारायला हात उचलला होता. सुजलेलं मनगट दिसलं. हात खाली घेतला.

मिलमध्ये दिवसभर हजेऱ्या चुकीच्या मांडल्या. घरी आलो तर पाण्याच्या बशीत एक पिल्लू बुडून मेलेलं. एवढीशी बशी! तिच्यात खडे भरायला हवे होते, पिल्लू पडलं तरी उभं राहील असे. आता भरले. आता उपयोग काय? खिडकीत बसून रडलो. पिल्लासाठी. भुंग्याएवढ्या पिल्लासाठी मोठा माणूस रडतो, लाज वाटली.

सोमवार, २ एप्रिल

अर्धी रजा टाकून चौकीत गेलो. म्हटलं, माझा जबाब बदलायचा आहे. माझा भाऊ बघ्या नव्हता. मोर्चात होता, झेंडा घेऊन पुढे होता.

तोच अधिकारी. आधी हसला. "आता काय फरक पडतो?"

"मला पडतो."

"नोकरी आहे ना? घरी बायको आहे. उगाच कशाला? जा घरी."

"तुम्ही लिहून घ्या."

लिहून घेतलं नाही. मी बाकावर बसून राहिलो. हवालदार दोनदा उठवायला आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण चौकीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. शेवटी मला दंडाला धरून बाहेर काढलं. सदरा फाटला.

तसाच बुधाजीकडे गेलो. तो दारात दाढी करत होता. म्हटलं, "फळ्यावर नाव लिही. दौलतचं. वर जे लिहिलंय त्याच्याखाली."

त्याने साबण लागलेल्या तोंडाने माझ्याकडे पाहिलं. "चल."

गल्लीच्या तोंडाशी गेलो. नाव होतंच. ठळक, ऑइल पेंटने. खडूची भानगडच ठेवली नव्हती.

"तू पुसलंस त्याच संध्याकाळी वहिनी रंग घेऊन आल्या," बुधाजी म्हणाला. "महिना झाला. तू इकडून जायचं सोडलंस, मागच्या बोळाने येतोस, म्हणून दिसलं नाही तुला."

"तू त्याच्या बाजूला होतास?"

"होतो."

"काय म्हणाला?"

बुधाजीने चेहरा टॉवेलने पुसला. बराच वेळ पुसला. "काही म्हणाला नाही रे. वेळच नव्हता."

मला हवं होतं की तो काहीतरी म्हणालेला असावा. बुधाजीला खोटं सांगता आलं असतं. त्याने सांगितलं नाही, याचाही मला राग आला. मग आम्ही दोघांनी त्याच्या ओट्यावर चहा घेतला.

शनिवार, १४ एप्रिल

साहेबाने बोलावलं. चौकीतल्या प्रकाराची खबर त्याच्यापर्यंत गेली आहे. म्हणाला, तुमच्या घराला डाग नव्हता. म्हटलं, अजूनही नाही. माझी बदली केली, टाइम ऑफिसातून गोदामात. तिथे धूळ आहे आणि खुर्ची नाही.

मालनला सांगितलं. ती म्हणाली, "वाळवी असेल का हो गोदामात?" लग्नाला इतकी वर्षं झाली, ही बाई थट्टा करते हे मला माहीत नव्हतं. मी हसलो नाही. पण भाकरी एक जास्त खाल्ली.

पिल्लं आता दाणे खातात. बारका वाळला होता, भरतोय.

रविवार, ६ मे

आई आली. जानेवारीतच यायची म्हणत होती, मी नको नको म्हणून कळवत राहिलो, दंगल आहे, तुझं कंबरेचं दुखणं आहे. आता पावसाआधीच्या शेवटच्या बोटींपैकी एकीने गावच्या माणसासोबत निघून आली, न विचारता. भाऊच्या धक्क्यावर आणायला मी एकटाच गेलो. केवढीशी झाली आहे. बोचक्यात कोकमं, कुळथाचं पीठ आणि दौलतला आवडतं म्हणून गुळाचं खाजं. खाजं का आणलं ते मी विचारलं नाही.

व्हिक्टोरियात बसलो. घोडा चालायला लागला तशी म्हणाली, "दत्ता, एक इचारतंय. खरा सांग. दौलत किडे आणूक गेल्लो म्हणून तू लिवलंस. माका ता पटाक नाय. खंय गेल्लो तो?"

"मोर्चात गेल्लो, आये. हातात झेंडो होतो."

तिने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. रस्त्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल, मी तिचा हात धरायच्या तयारीत होतो. मग तिने विचारलं, "मगे तू खंय होतंस?"

तू कुठे होतास, हे चार महिन्यांत मला कुणीच विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, साहेबाने नाही, बुधाजीने नाही. मालननेही नाही.

"घरात होतंय."

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि थोपटलं. "बरा झाला," म्हणाली. "दोघांतलो एक तरी घरात होतो."

चौकीतल्या 'समजूतदार'सारखंच लागलं ते, पण चांगल्या मनाने म्हणाली. आई आहे, दुसरं काय म्हणेल. हे सगळं मला कळतं. तरी धक्क्यावरून आल्यापासून आता दिवेलागणीपर्यंत मी तिच्याशी एक अक्षर बोललेलो नाही, आणि बोलायला तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची खात्री नाही.